शिडीजवळचा माणूस

३ डिसेंबर

आत्या,

तुझं पत्र येऊन पडलंय आणि मी उत्तर दिलेलं नाही. रागावली असशील. मी बरी आहे. दातांच्या लॅबमधलं काम आता हाताला बसलंय. मेणात दाढा बसवताना मालक मागे येऊन उभे राहत नाहीत, यावरून काय ते समज. तुझे चिरंजीव, म्हणजे आमचे दादा, तेही बरे आहेत. लिफ्ट दुरुस्तीची कामं त्याला भरपूर असतात, त्यामुळे एकाच शहरात राहून भेट अशी होत नाही.

एक गोष्ट लिहायची आहे. आपल्या जेवणाच्या टेबलाच्या नियमाने लिहिते, म्हणजे माझा गोंधळ होणार नाही. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, वाटलेलं वेगळं.

ऐकलेलं असं की, तिकडच्या लढाईतून पळून आलेले जे लोक कारखान्यामागच्या वस्तीत राहतात, ते पाण्याच्या टाक्यांमध्ये काहीतरी मिसळतात. त्यामुळे बायकांना मुलं होत नाहीत म्हणे. हे पहिल्यांदा कोणी सांगितलं ते कोणालाच माहीत नाही. प्रत्येकाला दुसऱ्याने सांगितलेलं आहे. आमच्या लॅबमधला जाडा बाटलीबंद पाण्याचे खोके घेऊन येतो आणि त्यानेच चूळ भरतो.

पाहिलेलं असं. आमच्या खिडकीसमोर एक बैठं पंपघर आहे, त्याच्या छपरावर गल्लीची टाकी. टाकी धुणारा माणूस त्याच वस्तीतला. मागच्या आठवड्यात भर दुपारी त्याने टाकी धुतली आणि पाणी शुद्ध करायची पांढरी पावडर आत टाकली. ती तो नेहमीच टाकतो. मग खाली उतरून नळावर डबा धुवायला गेला. तेवढ्यात माणसं जमली, आरडाओरडा सुरू झाला. तो शिडीकडे धावला. शिडीजवळ उभ्या असलेल्या एका माणसाने शिडी काढून घेतली. मग जमावाने त्याला मारलं. तो मेला.

वाटलेलं असं की, शिडी राहिली असती तर तो छपरावर गेला असता आणि शिडी वर ओढून घेतली असती. पोलीस त्या मानाने लवकर आले होते.

इन्स्पेक्टर वर लॅबमध्येही आले. मालक म्हणाले, पडदे ओढलेले होते. जाडा म्हणाला, मशीन चालू असली की आम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, साहेब. मी म्हटलं, मी विचार करून सांगते. इन्स्पेक्टर हसले. "विचार कसला करायचाय त्यात, बाई? दिसलं की नाही दिसलं?" वर्ष संपायच्या आत त्यांना चौकशी आटपायची आहे. तोवर चौकीवर येऊन काय ते सांगा, म्हणाले.

आत्या, सांगायलाच हवं का?

तुझी भाची


९ डिसेंबर

शंकाबाई,

फोन करणार होते, पण फोनवर माणूस तोंडाला येईल ते बोलतो. म्हणून हे पत्र.

त्या माणसाच्या घरी कोण आहे? ते तू लिहिलं नाहीस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तो तुला पडावा याचंच मला नवल वाटलं. तुझी आई गेली, तू माझ्याकडे आलीस. शाळा लांब, त्यात तुझा दमा. म्हणून तुम्हा दोघांना मी घरीच टेबलाशी बसवलं. गणित तुझ्या डोक्यात कधी शिरलं नाही आणि भूगोल माझाच कच्चा होता. एक ही गोष्ट तेवढी मी तुम्हाला नीट शिकवली अशी माझी समजूत आहे. दादा त्यातूनही पळवाट काढायचा, आठवतं? बरणी फोडली की तोंड पाडून म्हणायचा, "मी फोडली असं मला वाटतं." तू मात्र न फोडलेल्या बरणीचीही जबाबदारी घ्यायला निघायचीस.

मारणारे बरेच होते. कोणाचा हात कुठे लागला हे कोणी सांगू शकणार नाही, आणि म्हणूनच ते सगळे सुटतील. पण शिडी एकानेच काढली. तो कोण हे तुला माहीत आहे का? तुझ्या पत्रात नुसता 'एक माणूस' आहे. तू असं कधी लिहीत नाहीस. टोपी, चप्पल, मिशी, सगळं लिहितेस. इथे काहीच नाही. ओळखत असशील तर नाव सांग. एकटीला चौकीवर जायची भीती वाटत असेल तर दादाला बरोबर ने. तो उंचापुरा आहे, तो शेजारी असला की तुला कोणी दरडावणार नाही.

आत्या


१४ डिसेंबर

आत्या,

त्याच्या घरी बायको आहे. मुलं आहेत की नाही ते मला माहीत नाही. विचारायचं कोणाला? इथे त्याचं नावच कोणी काढत नाही. 'तो प्रकार' म्हणतात. 'तो प्रकार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी' वगैरे.

वर्ष संपत आलं म्हणून लॅबमध्ये साफसफाई चालू आहे. जुने साचे फोडून टाकायचे. माणसांचे जबडे प्लास्टरचे असले तरी फोडताना कसंतरी होतं. काल मालक म्हणाले, "आपण दात बसवायचे. पाडणारे वेगळे असतात, त्यांच्यात आपण पडायचं नाही." जाडा खूप हसला. मीही हसले. खोटं कशाला सांगू, हसले.

सगळे म्हणतात, हे वर्षच वाईट होतं. दूध महागलं, काम गेलं, तो प्रकार झाला, सगळं एका दमात. जणू वर्षाला हातपाय होते आणि त्यानेच सगळं केलं. आता नवीन लागेल आणि सगळं ठीक होईल, असं एकमेकांना सांगतात. मग दुकानातून पाण्याचा खोका खांद्यावर टाकून घरी जातात. शेजारच्या बाई आपल्या मुलीला जिन्यात सांगत होत्या, "कोणाच्या घरी पाणी पिऊ नकोस, तहान लागली तर पळत घरी ये." मुलगी म्हणाली, "आणि आपल्या घरचं पाणी कुठून येतं?" बाईंनी तिला एक धपाटा घातला.

दादाला बरोबर नेता येणार नाही.

मी चौकीच्या दारापर्यंत जाऊन आले. आत कोणीतरी मोठमोठ्याने जेवणाचा डबा कोणाचा यावर भांडत होतं. मी परत फिरले. आत्या, एकदा स्पष्ट लिही. शिडी काढणारा माझ्या जवळचा असेल, मी ज्याचं देणं लागते असा असेल, तरी?

तुझी भाची


१८ डिसेंबर

शंकाबाई,

आलं लक्षात. मालकच ना? पडदे ओढलेले होते असं त्यांनी घाईघाईने सांगितलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्यांनी तुला शिकवलं, पगार दिला, आजारपणात घरी पाठवलं, हे सगळं मला ठाऊक आहे. नोकरी जाईल, तुझ्या पोटावर पाय येईल, तेही दिसतंय. तशी वेळ आली तर माझ्याकडे ये. तुझी खोली अजून तशीच आहे, फक्त तीत मी कांदे पसरलेत.

तू विचारलंस म्हणून स्पष्ट लिहिते. जवळचा असला तरी. जवळचा असला तर जास्तच. लांबच्या माणसाला कोणीही पकडून देतं, त्यात काय मोठंसं. तुझ्या शहरात असंख्य खिडक्या आहेत आणि त्यांतल्या एकीतूनही काही दिसलेलं नाही. प्रत्येकाला कोणीतरी जवळचा वाचवायचा असणार. असंच चालत राहिलं तर नवीन वर्षात काय नवीन असणार आहे, सांग बरं?

जा आणि सांगून ये. उद्यावर टाकू नकोस.

दादाचं पत्र नाही, फोन नाही. त्याला म्हणावं, आईला खोकला झालाय. खोटंच आहे, पण त्याशिवाय तो हलायचा नाही.

आत्या


२१ डिसेंबर

आत्या,

मालक नव्हते. मालक खरंच आतल्या खोलीत होते.

दादा होता.

हे मी पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा टाळलं. आता जसं आहे तसं लिहिते.

तो गल्लीतल्या इमारतीत लिफ्टच्या कामासाठी आला होता. निळा डगला, खांद्याला हत्यारांची पिशवी. गर्दी जमली तेव्हा तो पंपघराच्या भिंतीला टेकून उभा होता. टाकीवाला धावत आला. त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली आणि डावा पाय खालच्या पायरीवर ठेवला. दादाने शिडी बाजूने धरून ओढली. त्या माणसाचा पाय घसरला, तो गुडघ्यावर पडला. दादाने शिडी खांद्यावर घेतली, थोडी पुढे नेली आणि भिंतीला नीट टेकवून ठेवली. घसरू नये म्हणून पायाने खालची वीट सरकवून शिडीला लावली. एवढं करून होईपर्यंत मागे टाकीवाल्याला मारायला सुरुवात झाली होती. दादाने वर पाहिलं. मी खिडकीत होते.

रविवारी तो माझ्या खोलीवर आला. संत्री घेऊन. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "तू खिडकीत होतीस ना?"

"हो."

"मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही."

"आणि शिडी?"

"सगळे ओरडत होते गं, शिडी काढ, शिडी काढ. मी शिडीजवळ होतो. दुसरा कोणी असता तर त्याने काढली असती."

"तुझ्या ओळखीचा होता तो."

"होता ना. चहा प्यायचो आम्ही. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं की मीच बोलवायचो त्याला. चांगला होता." मग त्याने संत्रं सोललं, वरच्या पांढऱ्या शिरा काढल्या आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. लहानपणी द्यायचा तसंच. "पोलिसांचं काही नाही, गल्लीतलं कोणी बोलणार नाही. आईला तेवढं सांगू नकोस."

मी ते संत्रं खाल्लं, आत्या. हातात दिलं म्हणून खाल्लं.

मी अजून चौकीवर गेलेले नाही. आता तू सांगशील तसं करीन.

तुझी भाची


२५ डिसेंबर

तुझं पत्र मिळालं.

मी त्याला फोन केला. तो म्हणतो, गर्दीत धक्काबुक्की झाली, शिडी पडत होती, ती त्याने सावरली. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्याला खरंच ताप आहे.

तू नीट आठव. खिडकीची काच शेवटची कधी पुसली होती? मेणाच्या धुरापुढे दिवसभर बसतेस, तुझे डोळे सकाळपासून चुरचुरतात असं मागे तूच लिहिलं होतंस. दुपारचं ऊन कुठून येतं? पंपघराची सावली कुठे पडते? तू वर आणि ते खाली. वरून पाय पायरीवर आहे की पायरीशेजारी, हे कळतं का?

आणि हेही बघ. तो माणूस वर चढून गेला होता, लोक त्याच्यामागे चढू लागले, त्यांना अडवायला दादाने शिडी काढली, असं नसेल कशावरून? मग त्या माणसाने घाबरून उडी मारली असेल आणि तो सापडला असेल. तू एक क्षण डोळे मिटले असशील. अशा वेळी कोणीही मिटेल.

चौकीवर जायचंच असेल तर एवढं सांग की, एका माणसाने शिडी बाजूला केली, ती वाचवण्यासाठी केली असं वाटलं. 'वाटलं' म्हण. त्यात खोटं काही नाही. नियमातच बसतं.

तो शिडीजवळ होता म्हणून, नाहीतर तो कोणाला ओरबाडणाराही नाही. तुला माहीत आहे. तुझा दमा चढला की रात्रभर पाठ चोळत बसायचा.

आत्या


२८ डिसेंबर

आत्या,

तुझे प्रश्न मी प्रामाणिकपणे सोडवले. टेबलाशी बसून सोडवायचे तसेच.

काच त्याच सकाळी मी पुसली होती. ऊन लॅबच्या पाठीमागून येतं, समोरचं सगळं लख्ख दिसतं. डोळे चुरचुरतात, पण पाणी मारलं की थांबतात. तरी तुझं पत्र चार वेळा वाचल्यावर मला तो पाय नीट दिसेना. एकदा पायरीवर दिसायचा, एकदा जमिनीवर. एकदा तर तो छपरावर उभा दिसला, अगदी तुझ्या पत्रात आहे तसा. मी घाबरले. माझं मन कोणीही दम न देता इतकं वाकतं, तर या शहराचं काय चुकलं?

म्हणून काल मी गल्लीत उतरले. शिडी दादाने ठेवली तिथेच आहे, वीटसुद्धा. पोलिसांनी नेली नाही. आता तिच्यावर कोणीतरी धुतलेले कपडे वाळत घातलेत. मी पंपघरापाशी जाऊन, त्या माणसाचे हात जिथे असतील तिथे भिंतीला हात लावून उभी राहिले आणि वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. जाडा दिसला. त्याच्या हातातला साचा वरचा आहे की खालचा, तेही दिसलं.

तिथेच त्या माणसाची बायको भेटली. त्याची बादली आणि ब्रश पंपघरात राहिले होते, ते न्यायला आली होती. पंप चालवणाऱ्याने तिला दाराबाहेरच उभं केलं होतं. तिने माझ्या एप्रनवरचं प्लास्टर पाहिलं आणि वर बोट केलं.

"तुम्ही तिथे काम करता?"

"हो."

"तुम्हाला दिसलं असेल मग."

मी तोंड उघडलं. 'वाटलं' हा शब्द अगदी ओठांवर होता, तुझाच. मग तिनेच म्हटलं, "नसेल दिसलं. कोणालाच नाही दिसलं." आणि बादली घेऊन गेली. मला ओशाळवाणं वाटू नये म्हणून ती तसं म्हणाली, आत्या. नवरा तिचा गेला आणि सांभाळून घेतलं तिने मला.

पाय पायरीवर होता. हे मी पाहिलं.

३१ तारखेला चौकीवर जाणार आहे. त्याआधी तुला यायचं असेल तर ये. तू माझ्यासमोर बसून बोललीस तर कदाचित मी तुझं ऐकेन. म्हणून भीतीही वाटते.

तुझी भाची


१ जानेवारी

आत्या,

तू आली होतीस.

मला इन्स्पेक्टरांकडून कळलं. काल मी चौकीवर गेले तेव्हा ते मिठाईचा डबा मधोमध ठेवून बसले होते, जाणाऱ्या वर्षाचं शेवटचं म्हणून. माझं बोलणं त्यांनी लिहून घ्यायला सुरुवात केली. दादाचं नाव मी सांगितलं तसा त्यांनी हात थांबवला.

"त्याच्या आई कालच येऊन गेल्या," म्हणाले. "मुलगा त्या दिवशी त्यांच्याकडे होता. तापाने पडलेला. अंगावर पांघरूण घातलेलं त्यांनी स्वतः पाहिलंय म्हणतात. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, उभ्यानेच सांगितलं. शिकवणाऱ्या बाई आहेत ना त्या? छान बोलतात. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

पाहिलंय म्हणालीस.

त्यांनी मला एक बर्फी दिली, मी घेतली नाही. मग ते खरोखर काळजीच्या आवाजात म्हणाले, "बघा बाई, तुमचं लिहिलं तर त्यांचं खोटं ठरतं. दोघींना कोर्टात समोरासमोर उभं करतील. नवीन वर्षात कशाला घरात आग लावता? बाहेरचा माणूस होता तो. मी काय लिहू, तुमच्या आत्या खोटं बोलतात असं लिहू?"

आत्या, तू मला अक्षर गिरवायला शिकवलंस तेव्हा माझा हात तुझ्या हातात असायचा. मला तेच आठवत होतं. मला वाटत होतं की दार उघडेल आणि तू येशील.

मी म्हटलं, "लिहा."

त्यांनी लिहिलं. मी सही केली.

परतताना रस्त्यावर सगळे एकमेकांना शुभेच्छा देत होते. मलाही कोणीकोणी दिल्या. मी पण दिल्या.

तुझी भाची


९ जानेवारी

तुझं पत्र आलं.

मी तुझ्या खोलीच्या रस्त्यानेच स्टेशनवर गेले. खाली उभी राहिले. तुझ्या खिडकीत दिवा होता. वर आले असते तर तू दार उघडलं असतंस, पाणी दिलं असतंस, आणि मला गाडी गाठता आली नसती. म्हणून आले नाही.

तू सांगितलंस ते खरं आहे. हे तुला लिहिते आहे. कोर्टात लिहून देणार नाही. बोलावतील तेव्हा मी त्या दिवशीचा ताप सांगेन, पांघरूणही सांगेन. तू तुझं सांग. बोलताना माझ्याकडे बघू नकोस, म्हणजे अडखळणार नाहीस. लहानपणी पाठांतर म्हणतानाही तू माझ्याकडे बघितलंस की अडखळायचीस.

त्या बाईला काही पाठवावं असं मनात आलं होतं. काय पाठवणार? ठेवून दिलं.

दादा इथेच आहे. काम सोडून आला. दिवसा झोपतो, संध्याकाळी अंगणातला नळ दुरुस्त करत बसतो. नळाला काही झालेलं नाही. तू काय सांगितलंस ते त्याला माहीत आहे. तुझ्यावर रागावलेला नाही. मी चौकीवर काय सांगितलं तेही माहीत आहे. त्या दिवसापासून तो माझ्या आधी उठून चूल पेटवतो.

मी त्याला अजून काही विचारलेलं नाही. आयुष्यभर तुम्हा दोघांना विचारत आले, बरणी कोणी फोडली, गोळी कोणी खाल्ली, कुठे होतात, कोण होतं. रोज सकाळी ठरवते, आज चहा देताना विचारायचं की तो पाय तुला दिसला होता का. कप त्याच्यापुढे ठेवते, समोर बसते. तो एक घोट घेतो आणि म्हणतो, "आई, साखर कमी झाली."

मी उठून साखर घालते.

आत्या